कॅल्क्युलस अडले म्हणून सायन्स सोडू नका

अकरावी सायन्सला गेलेली आपल्या वस्तीतील काही मुले-मुली दिवाळीनंतर गप्प होतात. दहावी मराठी माध्यमातून चांगल्या गुणांनी झालेली असते. आता वर्ग इंग्रजीत, आणि फिजिक्सच्या गृहपाठात अचानक डेरिव्हेटिव्ह येते. घरी विचारायला कोणी नाही, क्लासची फी परवडत नाही. मग ‘आपल्याला हे झेपत नाही’ असे ठरवून शाखा बदलली जाते. आर्ट्सला जाण्यात कमीपणा नाही. पण आवडीने जावे, न सुटलेल्या गणितामुळे नव्हे.

यात विद्यार्थ्याचा दोष कमी, क्रमाचा जास्त आहे. २०१९ साली आलेल्या बालभारतीच्या अकरावीच्या पुस्तकांत विकलन, म्हणजे डिफरन्सिएशन, गणिताच्या दुसऱ्या भागात शेवटी येते. फिजिक्सला मात्र ते गती शिकतानाच लागते. फिजिक्सच्या दुसऱ्या प्रकरणात त्याची ओळख आहे. ते प्रकरण घाईत उरकले गेले असेल तर आधी तिथे परत जा. विकलज म्हणजे बदलाचा दर, एवढे पक्के झाले तरी निम्मी भीती जाते.

एक गणित पाहू. दगड सरळ वर फेकला. उंची मीटरमध्ये, वेळ सेकंदात, आणि गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरले.

उंची = २० × वेळ − ५ × वेळ × वेळ

उंचीचे विकलन केले की वेग मिळतो: २० − १० × वेळ. सर्वोच्च बिंदूला वेग शून्य, म्हणून वेळ २ सेकंद आणि उंची २० मीटर. इथपर्यंत बहुतेक जण येतात. पुढचा प्रश्न असतो: त्या क्षणी त्वरण किती? वहीत उत्तर येते, शून्य. पुस्तकामागे असते १०, खालच्या दिशेने.

आता मदत मागायची वेळ. ‘सर, हे सोडवून द्या’ म्हटले तर तयार उत्तर येईल. मोबाईलवर फोटो काढूनही ते येते. उतरवले की गृहपाठ संपतो, गोंधळ तसाच राहतो. त्याऐवजी असे विचारा: ‘सर, वेग शून्य होतो हे मला मिळाले. मग त्वरण शून्य का नाही?’ या प्रश्नात तुम्ही कुठपर्यंत आलात आणि कुठे थांबलात, हे दोन्ही आहे. सांगणाऱ्यालाही सगळे गणित नव्हे, एकच पायरी सांगावी लागते.

ती पायरी अशी. १ सेकंदाला वेग १०, २ सेकंदाला ०, ३ सेकंदाला उणे १०. दर सेकंदाला वेग १० ने कमी होतोच आहे. शून्यापाशी ते कमी होणे थांबलेले नाही. त्वरण म्हणजे वेग नव्हे, वेगाच्या बदलाचा दर. तिथे त्वरणही शून्य असते, तर दगड हवेतच लटकून राहिला असता!

विचारण्याआधी एककेही तपासा. गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने आहे आणि ब्रेकने दर सेकंदाला वेग सेकंदाला ५ मीटरने घटतो. थांबायला किती अंतर लागेल? ५४ तसेच घातले तर २९१.६ मीटर येते. शहरातल्या रस्त्यावर हे कसे चालेल? ताशी ५४ म्हणजे सेकंदाला १५ मीटर. खरे उत्तर २२.५ मीटर. अशी चूक पकडायला सर लागत नाहीत.

पुस्तकांचे म्हणाल तर एनसीईआरटीची पुस्तके इंटरनेटवर मोफत आहेत. एच. सी. वर्मा यांच्या ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’च्या दुसऱ्या प्रकरणात फिजिक्सला लागणारे कॅल्क्युलस आहे. खान अकॅडमीचे व्हिडिओही मोफत आहेत. इंग्रजी अडत असेल तर वहीच्या शेवटच्या पानावर शब्द जोडीने लिहा: व्हेलॉसिटी वेग, ॲक्सिलरेशन त्वरण, इंटिग्रेशन संकलन.

कार्यकर्त्यांना एक सांगणे आहे. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची पुस्तके असतात, तसा एक फळाही असावा. वस्तीतला इंजिनिअरिंगचा किंवा बी.एस्सी.चा विद्यार्थी आठवड्यातून दोन संध्याकाळी तासभर बसला, तरी पुरे. त्याने उत्तर सांगू नये; मुलांची वही उघडून पेन कुठे थांबले ते पाहावे. आणि हे दिवाळीच्या आधी सुरू करावे.