चोवीस लाखांचे महिन्याला दोन लाख होत नाहीत

दहा-बारा वर्षे आयटीत काढलेल्या माणसाला ‘तुझा पगार रास्त आहे का?’ असे विचारले, की तो एक आकडा सांगतो. हा आकडा बहुधा सीटीसीचा असतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

सीटीसी म्हणजे पगार, हा पहिला गैरसमज. सीटीसी हा कंपनीने तुमच्या नावावर मांडलेला वर्षाचा खर्च आहे. समजा, ऑफर लेटर 24 लाखांचे आहे. त्यात 15 टक्के व्हेरिएबल, म्हणजे 3,60,000. मूळ वेतन महिना एक लाख. त्यावर पीएफमधला कंपनीचा 12 टक्के वाटा, वर्षाला 1,44,000. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ वेतनाच्या 4.81 टक्के, म्हणजे 57,720. आरोग्य विम्याचा हप्ता 18,000 धरू. हे सगळे वजा जाता उरतात 18,20,280, महिन्याला 1,51,690. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ 12,000, महाराष्ट्रातला व्यवसाय कर 200 आणि 2025-26 च्या नव्या करप्रणालीप्रमाणे आयकर साधारण 12,900 रुपये. खात्यात पडतात सव्वा लाखाच्या जरा वर. घराचा हप्ता मात्र अनेकांनी दोन लाख डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेला असतो.

पण हातात न आलेले सगळेच बुडाले, असेही नाही. दोन्ही वाटे मिळून वर्षाला 2,88,000 पीएफच्या नावाने जमा होतात आणि ते तुमचेच आहेत. उलट, काही कंपन्या पीएफ 15,000 च्या वेतनमर्यादेवर, म्हणजे महिना 1,800 रुपयेच धरतात. तिथे इनहॅन्ड गुबगुबीत दिसते आणि म्हातारपणाची पुंजी रोडावते. ग्रॅच्युइटीची गोष्ट वेगळी. कायम नोकरीत ती साधारणपणे पाच वर्षे झाल्यावर हाती लागते. दर अडीच वर्षांनी स्विच करणाऱ्याच्या सीटीसीत ती दरवर्षी छापलेली असते आणि मिळत कधीच नाही. व्हेरिएबलबाबत तर एकच प्रश्न विचारावा: गेल्या तीन वर्षांत या पातळीवरच्या लोकांना प्रत्यक्ष किती टक्के दिले? एचआर ‘अप टू हंड्रेड पर्सेंट’ म्हणून हसले, तर ‘अप टू’वर लक्ष ठेवा.

‘एवढा अनुभव आहे, मग एवढा पगार हवाच’ हे वाक्य सर्वात जिव्हाळ्याचे आणि सर्वात फसवे. सेवा कंपनीचा हिशेब ग्राहकाकडून मिळणाऱ्या तासाच्या दरावर चालतो. एका कामाला ताशी 25 डॉलर मिळतात आणि महिन्याचे 160 तास भरतात असे धरले, तर त्या खुर्चीची कमाई 4,000 डॉलर. त्यातूनच पगार, जागा, बेंचवर बसलेल्यांचा खर्च आणि नफा निघायचा. खुर्चीवर आठ वर्षांच्या अनुभवाचा माणूस बसला काय किंवा सोळा वर्षांच्या, ग्राहक त्याच कामाचे तेवढेच देतो. म्हणून पगार एका टप्प्यावर अडतो. पुढे जायचे तर खुर्ची बदलावी लागते: आर्किटेक्ट, ग्राहकाशी थेट बोलणारा, किंवा ज्याच्या चुकीने पेमेंट सिस्टिम बंद पडते तो. प्रॉडक्ट कंपन्या किंवा परदेशी कंपन्यांची पुण्या-बेंगळुरूतली केंद्रे हा तासांचा हिशेब करत नाहीत, म्हणून तिथला आकडा वेगळा असतो. दोन्हीकडच्या सीनिअर इंजिनिअरची तुलना पदाच्या नावावरून करू नये. एका कंपनीत ते पद चौथ्या वर्षी मिळते, दुसरीत नवव्या.

आता हाइक. ‘तीस टक्के मिळाले, म्हणजे सोने झाले.’ कशावर तीस? मोठ्या सेवा कंपन्यांमधला फ्रेशरचा पगार दशकाहून अधिक काळ साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळला. तिथून सुरुवात करून एकाच ठिकाणी राहिलेल्याचा पाया इतका खाली असतो की तीस टक्क्यांनंतरही तो बाजारभावाच्या मागेच राहतो. आणि दरवर्षीच्या पाच टक्क्यांना तर वाढ म्हणायचीही सोय नाही. महागाई वर्षाला पाच टक्के धरली, तर आठ वर्षांपूर्वीचे 12 लाख आजचे सुमारे 17.7 लाख होतात. आज साडेसतरावर असलेल्याचा पगार आठ वर्षांत वाढलेला नाही.

अमेरिकेतल्या मावसभावाचा पगार रुपयांत बदलून स्वतःला छळणे तर बंदच करावे. बाजारातला डॉलर 85 च्या वर असला, तरी जीवनखर्चाच्या तुलनेत तो वीस-बावीस रुपयांच्या आसपास भरतो. कॅलिफोर्नियातले भाडे आणि पाळणाघराचा खर्च या गुणाकारात कुणी धरत नाही.

संकेतस्थळांवरचे पगाराचे आकडे लोकांनी स्वतः भरलेले असतात. कुणी सीटीसी लिहितो, कुणी फिक्स्ड, कुणी जॉइनिंग बोनस मिसळून. त्यावरून पट्टा कळतो, नेमका भाव नाही. भाव कळतो तो हातात पडलेल्या लेखी ऑफरवरून. नोकरी सोडायची नसली तरी वर्ष-दोन वर्षांनी मुलाखत देऊन पाहणाऱ्याला मी म्हणूनच धूर्त नाही, शहाणा म्हणतो. 90 दिवसांच्या नोटिशीमुळे पुष्कळांची ऑफर हुकते, हाही त्याच भावाचा भाग आहे; 30 दिवसांत मोकळा होणारा जास्त मागू शकतो.

शेवटचा गैरसमज मुलाखतीतला: करंट सीटीसीवरच नवा पगार ठरतो. ठरवला जातो, हे खरे. पण जुना पगार हा आधीच्या कंपनीचा निर्णय होता, तुमच्या कामाचा भाव नव्हे. कॅलिफोर्नियात 2018 पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारायलाच बंदी आहे आणि 2023 पासून 15 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला जाहिरातीत पगाराचा पट्टा छापावा लागतो. आपल्याकडे असा कायदा नाही, त्यामुळे फॉर्ममधला तो रकाना खरा आकडा घालूनच भरावा; पे-स्लिप मागतात आणि खोटे पकडले गेले की ऑफर जाते. मात्र त्याच बैठकीत ‘या पदाचा बँड काय आहे?’ हे विचारायला कोणतीही बंदी नाही. एचआरच्या शीटमध्ये तो बहुधा लिहिलेला असतो.