तुतारी खरी, पण फुंकतो कोण?

‘ब्लो युअर ओन ट्रम्पेट’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ अनेक जण ‘थापा मारणे’ असा लावतात. तो चुकीचा आहे. थापेत खोटेपणा असावाच लागतो. या तुतारीला त्याची गरज नाही. पहिला आलेला विद्यार्थी कुणी न विचारता चारचौघांत आपला क्रमांक पुन्हा पुन्हा सांगू लागला, तर त्यात तसूभरही खोटं नसतं, तरी त्याला हेच शब्द लागू पडतात. आक्षेप स्तुतीच्या खरेपणावर नाही, ती कोणाच्या तोंडून येते यावर आहे. सगळा भार ‘ओन’ या शब्दावर आहे. युरोपातल्या दरबारांत मानकऱ्याच्या आगमनाची वर्दी देणारे तुतारीवाले वेगळे असत, जशी आपल्याकडे ललकारी भालदार-चोपदार देत. तीच वर्दी मानकऱ्याने स्वतः दिली, की मानाची बढाई होते.

हा वाक्प्रचार थेट बायबलमधून आला, असंही सांगितलं जातं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात दान करताना कर्णा वाजवू नये असा उपदेश आहे खरा. पण तिथला रोख दानाच्या प्रदर्शनावर आहे. स्वतःच्या गुणांची तुतारी शेक्सपिअरच्या नाटकांत स्पष्ट ऐकू येते. १६०० साली छापलेल्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मधला बेनेडिक तिचं समर्थन करतो, तर ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’मध्ये अ‍ॅगमेम्नॉन तिच्यात गर्विष्ठाचा दोष पाहतो. अमेरिकेत तुतारीच्या जागी ‘हॉर्न’ येतो. तोही मोटारीचा भोंगा नव्हे, फुंकायचं वाद्यच.

यावर कुणी म्हणेल, मग मुलाखतीत स्वतःचं काम सांगणंही बढाईच का? नाही. तिथे प्रश्न समोरच्याने विचारलेला असतो आणि उत्तराला कामाचा पुरावा असतो. उलट, फार संकोची सहकाऱ्याला ‘जरा स्वतःची तुतारी फुंक’ असा प्रेमाचा सल्लाही इंग्रजीत दिला जातो. स्वतःबद्दल चांगलं सांगताना ‘तुतारी फुंकायची नाही, पण...’ अशी सुरुवात करण्याची रीतही रूढ आहे. म्हणून हा वाक्प्रचार म्हणजे शिवी नव्हे; प्रसंग बदलला की त्याची धार बदलते. मराठीत त्याला ‘थापा’पेक्षा ‘स्वतःची टिमकी वाजवणे’ हाच प्रतिशब्द चपखल बसतो. कारण टिमकीतही प्रश्न सूर खरा की खोटा हा नसतो, ती कोण वाजवतो हा असतो.