लिहिणाऱ्याला सोबती हवा

आपल्या समाजात लिहिणारे कमी आहेत, असे जे म्हणतात त्यांनी एकदा वस्तीतल्या ट्रंका उघडून पाहाव्यात. कोणाच्या ट्रंकेत गिरणीच्या पगारचिठ्ठ्यांखाली शंभर पानी वही निघेल. कोणाच्या गादीखाली जुन्या डायरीची सुटी पाने निघतील. १४ एप्रिलच्या स्मरणिकेत एकदा कविता छापून आली, चार लोकांनी पाठ थोपटली आणि त्यानंतर दहा वर्षे पेन हातात धरला नाही, असे बंधू तर प्रत्येक चाळीत दोन-तीन सापडतील. यांचे लिहिणे का थांबले? शब्द आटले म्हणून थांबले नाही. लिहिलेले कोणी वाचत नाही आणि पुढचे कोणी मागत नाही, म्हणून थांबले.

ड्यूटीवरून थकून आलेल्या माणसाला दहा बाय बाराच्या खोलीत लिहायला जागा नसते, हे खरेच आहे. रात्री दिवा मालवावा लागतो, कारण मुलांची सकाळची शाळा असते. तरीही स्वयंपाकाच्या ओट्यावर वही ठेवून, भात शिजेपर्यंत चार ओळी लिहिणाऱ्या भगिनी मी पाहिल्या आहेत. जागेवाचून माणूस कसाबसा निभावतो. सोबतीवाचून मात्र वर्षभरातच वही ट्रंकेत जाते.

एकट्याने लिहिण्याचे ओझे किती असते, हे प्रत्यक्ष बाबासाहेबांनी सोसले आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पण पैसा मिळाला तरी लिहिणारे हात कुठून आणायचे? पुढे ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' सुरू झाला. त्याचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागत आणि ही व्यथा त्यांनी त्याच पत्रात मांडून ठेवली आहे. महाडचा संग्राम, कोर्टाची कामे, सभा, दौरे, आणि रात्री जागून रकाने! १९२९ मध्ये ते पत्र बंद पडले. त्या काळी अक्षर ओळखणारेच समाजात बोटांवर मोजण्याइतके होते. आज घराघरात पदवीधर आहेत. तरीही लिहिणारा जर एकटाच बसलेला असेल, तर दोष कोणाचा?

पुढच्या पिढीने हा धडा चांगला गिरवला. १९५८ साली दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. तेव्हाच्या औरंगाबादला, नागसेनवनातल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, १९६० नंतरच्या दशकात 'अस्मिता' हे नियतकालिक निघाले आणि त्याचेच पुढे 'अस्मितादर्श' झाले. डॉ. गंगाधर पानतावणे सरांनी ते अनेक दशके चालवले. २०१८ साली सर गेले. अस्मितादर्शचे मेळावे भरत, त्यांना 'लेखक-वाचक मेळावा' म्हणत. या नावाकडे लक्ष द्या. नावातच वाचकाला लेखकाच्या शेजारी बसवले आहे. ज्यांना कोणी छापत नव्हते, त्यांना तिथे पहिला वाचक भेटला.

भगिनींचे दुःख याहून मोठे. फलटणच्या बेबीताई कांबळे छोटेसे किराणा दुकान चालवीत. माल बांधायला आणलेल्या रद्दीतली वर्तमानपत्रे वाचत आणि दुकानात बसूनच लिहीत. हे लिखाण त्यांनी सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. फलटणला राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन विदुषींना त्याचा पत्ता लागला, त्यांनी धीर दिला, तेव्हा कुठे ते 'स्त्री' मासिकात आले आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. बाहेरच्या एका बाईंनी विचारले म्हणून हा ठेवा हाती आला. वस्तीतल्या कोणी वीस वर्षांत विचारले नव्हते, ही गोष्ट आपल्याला बोचली पाहिजे.

याउलट उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे पाहा. बाबासाहेबांच्या चळवळीत राबलेल्या स्त्रियांच्या घरी या दोघी गेल्या, म्हाताऱ्या कार्यकर्तींजवळ बसल्या, त्यांच्या आठवणी टिपून घेतल्या. १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक निघाले, त्यावर नावे दोन आहेत. एकीला नोकरी-संसारातून जमेना तेव्हा दुसरीने रेटले असेल, दुसरी थकली तेव्हा पहिलीने. असे काम एकटीच्या हातून अर्ध्यावर राहण्याचा संभव फार.

आपल्या धम्मात तर या सोबतीला मानाचे स्थान आहे. कल्याणमित्र म्हणजे निम्मे ब्रह्मचर्य, असे भदंत आनंद म्हणाले, तेव्हा निम्मे नव्हे, संपूर्णच, असे भगवंतांनी त्यांना सांगितले. मज्झिम निकायात अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल या तीन भिक्खूंची हकिकत आहे. गोसिंगाच्या सालवनात हे तिघे राहत. भिक्षेहून जो आधी परत येई तो आसने मांडी, पिण्याचे पाणी भरून ठेवी. जो शेवटी येई तो जागा झाडून सर्व आवरी. पाण्याचा घडा रिकामा दिसला की ज्याला दिसेल तो भरी. जड असेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावी आणि दोघे मिळून उचलत, तोंडाने शब्द न काढता. साधना ज्याची त्याने एकट्याने करायची. मात्र दर पाचव्या रात्री तिघे एकत्र बसत आणि रात्रभर धम्मचर्चा करीत.

लिहिणाऱ्यांनी हाच कित्ता घ्यावा. चार दिवस आपापले मुकाट्याने लिहावे आणि पाचव्या रात्री एकत्र बसावे. आपल्याला पाचवी रात्र जमणार नाही. पौर्णिमा जमेल, कारण पौर्णिमेला विहारात आपण जातोच.

आता असे सोबती शोधायचे कुठे? दूर जायला नको. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. वाचन संपल्यावर जो मागे थांबून शंका विचारतो, जी भगिनी पिशवीतून कागद काढून काही टिपून घेते, ती माणसे आपली. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलमध्ये एखादा गृहस्थ स्वतःच्या खर्चाने छापलेली पातळशी पुस्तिका हातात घेऊन उभा असतो. आपण त्याला ओलांडून मोठ्या स्टॉलकडे जातो. त्याच्याजवळ पाच मिनिटे उभे राहावे, पुस्तिका विकत घ्यावी (फुकट मागू नये), आणि महिनाभराने वाचून झाल्याचे कळवावे. त्याच्यासाठी तो निरोप सत्कारापेक्षा मोठा असतो. गायनपार्टीतले कवीही पाहावेत. त्यांना सोबतीची सवय असते. गाणे बसले नाही तर ढोलकीवाला त्याच रात्री तोंडावर सांगतो आणि कवी दुसऱ्या दिवशी कडवे बदलून आणतो.

माणसे चार-पाचच असावीत. वीस जण जमले की अध्यक्ष लागतो, खजिनदार लागतो, मग पावती पुस्तक येते, आणि लिखाण बाजूला राहून निवडणूक सुरू होते. आपल्या मंडळांचे हे दुखणे सर्वांना ठाऊक आहे, जास्त लिहीत नाही.

मोबाईलवरच्या ग्रुपबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. दूरच्या सोबत्याला ग्रुपचा उपयोग आहे, नाकारता येत नाही. पण दोन पानांचा लेख टाकल्यावर चार सेकंदांत अंगठा आणि 'जय भीम, सुंदर' असा निरोप आला, तर लेख वाचलाच नाही हे लहान मूलही ओळखील. कौतुकाने लिहिणारा सुखावतो, सुधारत नाही. त्यापेक्षा समोर बसून मोठ्याने वाचावे. वाचता वाचता जिथे आपलीच जीभ अडखळते, ते वाक्य सदोष असते. ऐकणाऱ्याने आपले मत मागाहून सांगावे; आधी, काय ऐकले ते सांगावे. 'तुमची आई पाण्याच्या रांगेत उभी होती ते डोळ्यांसमोर आले, पण पुढे ती कुठे गेली ते कळले नाही,' एवढे सांगितले तरी लिहिणाऱ्याला पुढचे पान सापडते.

बैठकीची वेळ मात्र भगिनींना विचारूनच ठरवावी. संध्याकाळी सातला बैठक ठेवायची आणि बाया येत नाहीत म्हणून तक्रार करायची, हा पुरुषांचा जुना खाक्या आहे. सातला चूल कोण सांभाळणार? आणि एक नियम फार कडक पाळावा. बैठकीत वाचलेले नळावर जाता कामा नये. माझ्या माहितीतील एका भगिनीने नवऱ्याच्या दारूबद्दल लिहून वाचले. आठवड्यात ते सबंध गल्लीला कळले. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत आणि त्यांनी वही फाडून टाकली, असे मागाहून समजले. ते लिखाण चांगले होते. साऱ्या गल्लीतल्या बायांचे होते.

घाई यासाठी की वेळ थोडा उरला आहे. १९५६ साली नागपूरला आईचे बोट धरून दीक्षेला गेलेले दहा वर्षांचे मूल आज ऐंशीच्या आसपास आहे. १९८२ च्या गिरणी संपात उमेदीचे दिवस गमावलेले, १९७८ ते १९९४ या नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेले तरुण आता नातवंडांचे आजोबा झाले. त्यांच्याजवळ जे आहे ते कोणत्याही ग्रंथालयात नाही. माणूस गेला की मुले खोलीला रंग लावतात आणि ट्रंक भंगारात जाते. मुलांना दोष देता येत नाही, त्यांना वहीचा पत्ताच नसतो. सोबती असला तर निदान एका माणसाला तो पत्ता असतो. म्हणून प्रत्येकाने आपल्या लिखाणाची एक झेरॉक्स सोबत्याच्या घरी ठेवावी.

आमच्या पौर्णिमेच्या बैठकीत गोदीत आयुष्य घालवलेले एक वयस्क बंधू येत असत. बोलत कमी, वाचत एकच पान. ते गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आमच्यातले दोघे गेले आणि त्यांनी मुलाला विचारले, बाबांच्या वह्या कुठे आहेत? मुलाला ठाऊक नव्हते. पोटमाळ्यावर, जुन्या गणवेशात गुंडाळलेल्या चार वह्या सापडल्या. आता त्यांचा नातू कॉलेजातून येताना वही घेऊन येतो आणि आजोबांचे एक पान वाचून दाखवतो. सध्या दुसरी वही चालू आहे.