कलावंतिणीची वाट : एका ट्रेक लीडरचा रविवार

पहाटे ४

पाठपिशवी रात्री भरलेली असली तरी निघण्याआधी ती एकदा पूर्ण रिकामी करून पुन्हा भरायची, हा शिरस्ता मी मोडत नाही. दोर, टेप स्लिंग, कॅराबिनर, प्रथमोपचाराचं सामान, क्रेप बँडेज, ओआरएस, डोक्याला लावायचा टॉर्च, त्याचे जादा सेल, शिट्टी आणि तीन लिटर पाणी. जानेवारीतही पाण्यात काटछाट नाही. गटातल्या प्रत्येकाचं नाव, रक्तगट आणि घरचा फोन लिहिलेले दोन कागद असतात. एक माझ्या खिशात, दुसरा नेरूळमध्येच थांबणाऱ्या सहकाऱ्याकडे. संध्याकाळी ठरल्या वेळेपर्यंत माझा फोन आला नाही, तर कुणाला कळवायचं हे त्याला माहीत असतं.

पहाटे ५.३०

नेरूळ स्थानकात सगळे जमतात. मी आधी चेहरे बघत नाही, पाय बघतो. गुळगुळीत तळव्याचे बूट घालून आलेल्याला इथूनच परत पाठवावं लागतं. ते मलाही आवडत नाही, पण कड्यावर पोचल्यावर ते सांगण्यात अर्थ नसतो.

सीवूड्स, बेलापूर, खारघर, मानसरोवर, खांदेश्वर करत लोकल पनवेलला पोचते. गाडीत हमखास कुणीतरी विचारतं, “इतक्या पहाटे कशाला?” आल्प्समध्ये गिर्यारोहक मध्यरात्रीनंतर अंधारातच चालू लागतात. ऊन चढलं की तिथलं बर्फ मऊ पडतं आणि गोठून धरलेले दगड सुटू लागतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण काळा कातळ आहे आणि तो अकरानंतर तापतो. कारण वेगळं असलं तरी शहाणपण तेच : डोंगरातलं अवघड काम सकाळी उरकायचं.

सकाळी ७

पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने शेडुंग फाटा आणि आत ठाकूरवाडी. सूर्य नुकताच वर येतोय. समोर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खिंड दिसते. तिच्या एका अंगाला कलावंतिणीचा सुळका, दुसऱ्या अंगाला प्रबळगडाचं रुंद पठार.

नोंदवहीत नावं लिहून झाली की प्रबळमाचीचा वाटाड्या भेटतो. सगळे त्याला मामा म्हणतात. रामराम झाल्यावर माझा पहिला प्रश्न ठरलेला : “मामा, वर काय नवीन?”

“खिंडीच्या डाव्या कड्याला आग्या मोहोळ बसलंय. कुणी अत्तर लावलं असंल तर पुसून टाकायला सांगा. आणि वरच्या वळणाला दोन पायऱ्यांवर घसारा आलाय, तिथं सावकाश.”

ही दोन वाक्यं कुठल्याही नकाशात नसतात. मोबाइलमधला ट्रॅक वाट कुठून जाते ते दाखवतो, पण तो महिन्यापूर्वी किंवा वर्षापूर्वी कुणीतरी चाललेल्या वाटेचा असतो. आज सकाळी ती वाट कशी आहे, हे वाडीतल्या माणसालाच ठाऊक.

सकाळी ८

चढ. मी सगळ्यात मागे चालतो, मामा पुढे. सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग तोच गटाचा वेग. पहिल्या अर्ध्या तासात कुणाचा श्वास कसा चाललाय, कोण बोलायचं थांबलंय, कोण पाणी प्यायला विसरतंय हे समजतं आणि त्यावरून पुढचा दिवस आखता येतो.

वाटेत सांगत जातो : सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि भाकऱ्यांच्या चळतीसारखा हा सह्याद्री रचला गेला. थरांतले कठीण टणक खडक कडे होऊन उभे राहिले, मऊ सच्छिद्र खडक झिजून उतार झाले. म्हणून आपल्याकडे चढ, मग सपाटी, मग पुन्हा कडा अशी रचना वारंवार दिसते. त्या सपाटीला आपण माची किंवा पदर म्हणतो. वाड्या तिथेच वसतात, कारण थोडी माती आणि थोडं पाणी तिथेच असतं. आल्प्सच्या दऱ्या हिमनद्यांनी कोरल्या, आपल्या घळी आणि नाळा पावसाने. त्यामुळे इथली वाट दर पावसाळ्यात थोडी बदलते.

माचीच्या थोडं आधी कातळात कोरलेले गणपती आणि मारुती आहेत. तिथे पाच मिनिटांचा विसावा.

सकाळी ९.१५

प्रबळमाची. मामांच्या अंगणात पोहे आणि चहा होतो, दुपारच्या भाकऱ्यांचा आकडा मावशींना सांगून ठेवतो. इथे जीप येत नाही. गॅसची टाकी, सिमेंट, आजारी माणूस, सगळं याच वाटेने खांद्यावरून जातं-येतं. आपण सुट्टीच्या दिवशी हौसेने चढतो ती या माणसांची रोजची वाट आहे.

सकाळी १०

खिंडीतून कातळात खोदलेल्या पायऱ्या सुरू होतात. उंच, नागमोडी, कठड्याशिवाय. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला मोकळी दरी. इथे माझी सूचना एकच असते : हात आणि पाय मिळून तीन आधार कायम, चौथा हलवायचा. फोन बॅगेत. उतरणारा गट आला की चढणाऱ्याने कड्याच्या बाजूला टेकून थांबायचं, दरीच्या बाजूने कुणी कुणाला ओलांडायचं नाही. घसारा आलेल्या दोन पायऱ्यांपाशी मामा स्वतः उभे राहतात आणि एकेकाला पुढे सोडतात.

शेवटचा कातळटप्पा लहान आहे, पण उघडा आहे. तिथे मी दोर लावतो. ज्याला जायचं नाही त्याला मी आग्रह करत नाही. माथ्याच्या खाली थांबायचं ठरवणारा माणूस स्वतःला नीट ओळखतो, आणि असा माणूस गटात असला की मला हायसं वाटतं.

सकाळी ११.१५

माथा. समुद्रसपाटीपासून सुमारे ६८६ मीटर. आल्प्सच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटेल, पण उघड्या कड्यावरून पडणाऱ्याला आकड्याचा काही उपयोग नसतो.

पूर्वेला माथेरानचं पठार, उत्तरेला चंदेरी, पश्चिमेला पनवेल आणि नवी मुंबईचे मनोरे. माथ्यावर बसलं की वाटांवरच्या पाट्यांचा विषय निघतो. स्वित्झर्लंडमध्ये पायवाटांचं जाळं ६५ हजार किलोमीटरांचं आहे. साध्या वाटेला पिवळी पाटी, डोंगरवाटेला पांढरा-लाल-पांढरा पट्टा, त्याहून अवघड वाटेला पांढरा-निळा-पांढरा. पाट्यांवर बहुधा अंतराऐवजी वेळ लिहिलेली असते, कारण डोंगरात किलोमीटरपेक्षा तासच उपयोगी पडतात. आपल्याकडे दगडांवर कुणीतरी चुन्याने काढलेले बाण आहेत, आणि ढोरवाट कुठे फुटते, नाळ कुठे सरळ दरीत उतरते हे सांगणारी वाडीतली माणसं आहेत. पाट्या आपणही लावायला हव्यात. तोवर आपला सगळा भरवसा या माणसांवर.

प्रबळगडाच्या पलीकडे इर्शाळगड आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या पोटातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता म्हणून नोंदली गेली. वाहनं वर जात नसल्याने माती हातांनीच उपसावी लागली. ट्रेकर गट त्या रात्रीच मदतीला चढले. आपल्या शेजारच्या बेलापूर अग्निशमन केंद्रातील एका अधिकाऱ्याचा त्या चढावर हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. माथ्यावर मी हे प्रत्येक गटाला सांगतो. ज्या माच्यांवर आपण पोहे खातो, त्या पावसाळ्यात कशा छायेत जगतात हे आपल्याला माहीत असायला हवं.

दुपारी १२

उतार. अपघात उतरताना अधिक होतात : गुडघे थकलेले असतात, मन माथ्यावर रेंगाळलेलं असतं. पायऱ्यांवर तोंड कड्याकडे करून उतरायचं. दर वळणाला मोजणी.

दुपारी १.४५

माचीवर पिठलं, भाकरी, ठेचा. जेवताना अपेक्षित प्रश्न येतो : “दादा, प्रबळगड पण करूया ना? समोरच तर दिसतोय.”

माझं उत्तर नाही असतं. या गडाचं जुनं नाव मुरंजन, जून १६६५ च्या पुरंदर तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत तो होता. बघण्यासारखा आहेच. पण त्याची वाट दगडधोंड्यांच्या नाळेतून चढते आणि वर दाट रान आहे. त्या रानात वाटा फुटतात आणि माणसं चुकतात. जाऊन यायला धरायचे चार तास, आणि सहा वाजून गेले की नाळेत काळोख. त्यामुळे बारानंतर नाळेत पाऊल टाकायचं नाही, हा नियम मी घरून निघण्याआधीच लिहून ठेवलेला असतो. डोंगरात भूक, उत्साह आणि गटाचा आग्रह असताना घेतलेला निर्णय चुकण्याची शक्यता मोठी. घरी शांतपणे ठरवलेली परतीची वेळ पाळायची.

“पुढल्या खेपेला प्रबळगडच ठेवा,” मामा म्हणतात. “सकाळी सातला माचीवर या, मी नेतो.”

दुपारी ३.३०

वाडीचा निरोप. उतरताना प्रत्येकाच्या हातात एक पिशवी, वाटेतल्या बाटल्या आणि वेष्टनं गोळा करायला.

संध्याकाळी ५

ठाकूरवाडी. मोजणी पूर्ण, नोंदवहीत परतीची वेळ. मामांची मजुरी ठरल्याप्रमाणे, सर्वांसमोर. नेरूळच्या सहकाऱ्याला फोन : “सगळे खाली आलो.” हार्बरचा रविवारचा मेगाब्लॉक असला तरी एव्हाना संपलेला असतो.

रात्री ९

घरी दोर पसरून हाताने चाचपतो. कुठे पीळ सैल पडलाय, कुठे आवरण खरवडलंय. मग वहीत आजची वाट लिहितो : ठाकूरवाडी ते माची किती वेळ, माची ते माथा किती, कुठे पाणी आहे, कुठल्या पायऱ्यांवर घसारा आहे, मोहोळ कोणत्या कड्याला आहे. ती नोंद पुढच्या रविवारी त्या बाजूला जाणाऱ्या लीडरला पाठवतो. वाटेची खबर आपल्यापाशीच ठेवणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

नवी मुंबईतून सह्याद्री तासा-दीड तासावर आहे. म्हणूनच तो घरचा वाटतो आणि तयारीत ढिलाई होते. तुम्ही पुढच्या वेळी निघाल तेव्हा परतीची वेळ लिहून घरी द्या, वाडीत पोचल्यावर आधी वाट विचारा, वाटाड्या सोबत घ्या आणि त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका. सह्याद्रीच्या वाटांचं खरं ज्ञान त्या माणसांकडे आहे. ते टिकलं तर वाटाही टिकतील.