गरम श्वासाची ओळख

अमेरिकेतल्या सागो कोळसा खाणीत २ जानेवारी २००६ रोजी स्फोट होऊन १२ कामगार दगावले. अडकलेल्यांपैकी वाचलेल्या एकमेव कामगाराने सांगितलं, की श्वासासाठीचे किमान चार आपत्कालीन प्राणवायू संच चाललेच नाहीत. तपासात मात्र ते प्राणवायू देण्याजोगे आढळले. मग चुकलं कुठे? संचातलं रसायन उच्छ्वासातली वाफ शोषून प्राणवायू सोडतं. तेव्हा डबा तापतो, श्वास गरम आणि जड येतो. हा अनुभव नसलेल्याला संच बंद पडलाय असंच वाटू शकतं. दोष कामगाराच्या माथी मारणं सोपं आहे, पण अन्याय्य आहे. खरी गरज आहे ती सरावाची.

उपकरणच सुधारा, सराव कशाला, असं कुणी म्हणेल. सुधारणा हवीच, पण उष्णता त्या रासायनिक क्रियेतच आहे. म्हणून प्रत्येक खाण कामगाराला तो गरम, जड श्वास सरावातच अनुभवायला द्या.