जुने इंजिन धुताना सुटे भाग सांभाळा

जुन्नरचे पारगाव घ्या की आंबेगावचे, वीजपंप येण्याआधी घोड-कुकडीच्या काठची बरीच शेती डिझेल इंजिनावर भिजत होती. 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी सुरू झाली. पुढे तिची आणि साताऱ्याच्या कूपरची इंजिने गावोगाव आली. वीजपंप आल्यावर ती शेडच्या कोपऱ्यात गेली. त्यातली कित्येक अजून तिथेच आहेत.

आता त्यांची आठवण पुन्हा होते, आणि त्याला कारण आहे. तीन फेज वीज रात्रीच्या पाळीत आली की बारे धरायला अंधारात उसात शिरावे लागते, आणि आपल्या भागात उसात बिबट्या असतो. इंजिन चालू असेल तर निदान अडीनडीला पाणी दिवसा देता येते. म्हणून ते दुरुस्तीला काढा. पण चांगले इंजिन धुण्यातच वाया गेले, असेही घडते. तेवढे टाळा.

आधी वाटण्या करा

इंजिन खोलण्याआधी बाहेरची माती-चिकटा काढून घ्या, म्हणजे कचरा आत पडत नाही. खोलताना कोणता भाग कुठला, कोणत्या बाजूचा, याची खूण करा. मग तीन घमेली मांडा. एकात ओतीव लोखंडाचे भाग, दुसऱ्यात अल्युमिनियमचे आणि तिसऱ्यात डिझेल पंप, नोझल, बेअरिंग असे नाजूक भाग.

हे कशासाठी? कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात लोखंड लख्ख निघते. त्याच पिंपात अल्युमिनियमचा पिस्टन टाकला की पाणी फसफसते. मळ सुटतोय असे वाटते, पण सोडा धातूच खात असतो, आणि निघणारा हायड्रोजन वायू पेट घेणारा असतो. असा पिस्टन लायनरमध्ये ढिला होतो, मग धूर वाढतो, ताकद जाते. सोडा वापरायचाच तर फक्त लोखंडाला. हातमोजे आणि चष्मा घाला. पाण्यात सोडा थोडा थोडा टाका, सोड्यावर पाणी ओतू नका.

पिस्टन आणि हेड

पिस्टन रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवा. रॉकेल आता पूर्वीसारखे मिळत नाही, डिझेल चालते. काजळी मऊ झाली की बांबूच्या चिपेने काढा. पटाशी, पॉलिश पेपर, लोखंडी तारेचा ब्रश नको. रिंगांची खाच कोरून रुंद झाली तर नवी रिंगही हलते. जाम रिंग ओढू नका, भिजू द्या.

हेड जाळावर धरू नका आणि तापलेल्या हेडवर गार पाणी ओतू नका, ओतीव लोखंडाला तडा जातो. पॅकिंग बसते ती बाजू खरवडताना ओरखडा पडला तर पाणी किंवा दाब तिथूनच सुटतो.

पाण्याच्या वाटेत क्षार बसला असेल तर संडासाचे ॲसिड ओतू नका. क्षार संपला की ते लोखंडाला लागते. 1 लिटर पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्त्व घालून काही तास ठेवा, मधून मधून बघत राहा. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने धुवा.

नोझलला तार घालू नका

नोझलची भोके मिलिमीटरच्या काही दशांशांची असतात. लोखंडी तारेने ती मोठी किंवा वाकडी झाली की डिझेलची फवार नीट पडत नाही. पंपाचा प्लंजर आणि त्याची नळी ही जोडी घासून जुळवलेली असते. दोघांतली फट केसापेक्षाही कितीतरी बारीक असते. एका पंपाचा प्लंजर दुसऱ्यात घालू नका. स्वच्छ डिझेलमध्ये धुवा, चिंधीने पुसू नका, तिचा धागा आत अडकतो. नोझलची तपासणी पंप-नोझलच्या कारागिराकडूनच करून घ्या.

बेअरिंगचा आतला थर मऊ असतो, तो खरवडू नका. क्रँकची तेलाची भोके मात्र डिझेल आणि हवेने आरपार मोकळी करा. तिथे अडकलेला एक खडा बेअरिंग खातो. रबरी सील जुने वापरू नका, नवे घाला.

शेवटची काळजी

धुतलेले लोखंड तासाभरात गंजू लागते. म्हणून लगेच कोरडे करून तेल लावा आणि झाकून ठेवा. धुण्यासाठी पेट्रोल वापरू नका. डिझेलजवळ बिडी-काडी नको. वापरलेले डिझेल-तेल विहिरीच्या किंवा ओढ्याच्या कडेला ओतू नका, डब्यात साठवा. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा शेडमध्ये जुने इंजिन असेल तर ग्रामसेवकांनी आणि सरपंचांनीही एवढे बघावे. भंगारात घालण्याआधी एकदा फिटरला दाखवावे.

जोडताना प्रत्येक भागाला नवे तेल लावा. सुरू करण्याआधी तेलाची आणि पाण्याची पातळी बघा. पहिले काही तास हलक्या भारावर चालवा आणि मग वाफ्याला पाणी लावा, दिवसाउजेडी.