हातातून सुटणारा भाला

आफ्रिकी भाला म्हटलं की बहुतेकांना झुलू राजा शाका आठवतो. त्याने फेकायचे लांब भाले बाजूला सारून आखूड दांड्याचा, रुंद पात्याचा भोसकायचा भाला आणला आणि दक्षिण आफ्रिकेचा इतिहास फिरवला, ही गोष्ट पुस्तकांतून आणि सिनेमांतून सतत सांगितली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. तिच्यामुळे फेकीच्या भाल्याला उगाच कमीपणा आला. प्रत्यक्षात हे शस्त्र शाकाच्या कितीतरी आधीपासून होतं आणि त्याच्यानंतरही टिकलं.

किती जुना?

इथिओपियातल्या गादेमोटा इथे ज्वालामुखीच्या काचेची, म्हणजे ऑब्सिडियनची, टोकं सापडली आहेत. त्यांतली सर्वांत जुनी सुमारे २,७९,००० वर्षांपूर्वीची. टोकांवरच्या तड्यांवरून ती फेकलेल्या भाल्यांची असावीत, असं संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलं. सगळ्यांना हे पटलेलं नाही. लिखित इतिहासात मात्र शंकेला जागा नाही. इ.स.पू. २०२ मध्ये झामाच्या लढाईत रोमच्या बाजूने लढलेल्या मॅसिनिसाच्या नुमिडियन घोडेस्वारांचं मुख्य हत्यार फेकीचा भालाच होतं.

घडण

झुलू लोक फेकीच्या भाल्याला इसिजुला म्हणतात. त्याचं पातं लहान, पात्यामागची लोखंडी दांडी लांब आणि लाकडी दांडा सडपातळ. लोहार वस्तीपासून दूर काम करत. कोळशाची भट्टी आणि बकऱ्याच्या कातड्याचे दोन भाते, एक दाबला की दुसरा भरायचा, म्हणजे वारा तुटत नसे.

खरी कारागिरी जोडात होती. पात्याची मागची टोकदार शेपटी लालबुंद तापवून दांड्यात घुसवायची. लाकूड जळत जाई आणि शेपटीच्या मापाचंच भोक तयार होई. त्यात झाडाच्या कंदाचा चीक भरायचा, वरून वेताच्या किंवा कातड्याच्या ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या. कधी वासराच्या शेपटीचं ओलं कातडं नळीसारखं जोडावर चढवत. वाळताना ते आक्रसून असं घट्ट बसे की पातं निसटायची भीती नसे. लढायांची वर्णनं पानोपानी मिळतात, पण हा जोड बसवणाऱ्या हातांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. मला ही मोठी उणीव वाटते.

फेक

भाला लांब जाणं पुरेसं नसतं, तो टोकावर पडायला हवा. म्हणून वजन पुढे, पात्याकडे ठेवलेलं असे. खोसा योद्धे फेकण्याआधी भाला मनगटाने थरथरवत, असं एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय निरीक्षकांनी नोंदवलं आहे. डाव्या हातात ढाल आणि जादा भाल्यांचा जुडगा, उजव्या हातात फेकायचा एक. तीस-चाळीस मीटरवर नेम धरणारा फेकणारा धोकादायकच. अर्थात ही सवय लहानपणापासून लागलेली असे. पोरं गुरं राखताना घरंगळत्या लक्ष्यांवर टोकदार काठ्या फेकून हात बसवत.

शाका आणि त्याच्यानंतर

या शस्त्राची एक अडचण उघड होती. फेकलेला भाला आपला राहत नाही, समोरचा तो उचलून परत मारू शकतो. ही गोष्ट एकट्या शाकालाच उमगली असंही नाही. १८१९ मध्ये ग्रॅहम्सटाउनवर चाल करताना खोसांचा नेता न्क्सेले याने भाल्यांचे दांडे मोडून आखूड करायला सांगितलं होतं. १८१६ च्या सुमारास सत्तेवर आलेल्या शाकाने हाच विचार शिस्तीने राबवला. १८२८ मध्ये भावांनी त्याचा खून केला आणि पुढे त्यांच्यापैकीच एका, दिनगानेच्या, राजवटीत फेकीचे भाले पुन्हा रूढ झाले.

२२ जानेवारी १८७९ रोजी इसांडलवानाला सुमारे २०,००० झुलूंनी ब्रिटिश छावणीचा धुव्वा उडवला. ब्रिटिश बाजूचे १,३०० हून अधिक लोक मारले गेले. त्या दिवशी झुलूंकडे दोन्ही प्रकारचे भाले होते आणि जुन्या बंदुकाही.

त्याच युद्धात १ जूनला नेपोलियन तिसऱ्याचा तरुण मुलगा लुई ब्रिटिश तुकडीबरोबर टेहळणीला गेला आणि झुलूंच्या अचानक हल्ल्यात सापडला. घोडा सुटला, तो पायी पळू लागला. एक फेकलेला भाला त्याच्या मांडीत घुसला. त्याने तो उपसला, वळून पिस्तूल झाडलं आणि अखेरीस तोच भाला घेऊन लढत पडला. त्याच्या अंगावर भाल्यांच्या अठरा जखमा होत्या. शाकाला खटकणारा धोका इथे खरा ठरला, पण पळणाऱ्याला गाठलं तेही त्याच फेकीने.

रणांगणाबाहेर

खोसा कुटुंबांत पिढीजात भाला जपतात, पूर्वजांसाठी बैल कापण्याचा विधी त्यानेच होतो. दक्षिण सुदानच्या डिंका समाजात मासेमारीचा भाला हे पुरोहित घराण्यांचं चिन्ह आहे. काँगो खोऱ्यात माणसाच्या उंचीची भालापाती वधूमूल्यात दिली जात. केनियाच्या झेंड्यावर ढालीमागे दोन भाले आहेत. १९६१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या सशस्त्र संघटनेने स्वतःला ‘राष्ट्राचा भाला’, उमखोंतो वी सिझवे, असं नाव दिलं.

केनियात अंबोसेलीच्या परिसरात २०१२ पासून मसाई तरुणांच्या स्पर्धा भरतात. सिंह मारून मर्दुमकी दाखवायची जुनी रीत मागे पडावी, हा त्यांचा हेतू. धावणं, उंच उडी, दंडुकाफेक यांबरोबर तिथे भालाफेकही असते.

याच देशाचा ज्युलियस येगो २०१५ मध्ये बीजिंगला ९२.७२ मीटर भाला फेकून विश्वविजेता झाला, पुढच्या वर्षी रिओत त्याने ऑलिंपिकचं रौप्यही मिळवलं. त्याच्या यशाला ‘रक्तातला वारसा’ म्हणून मोकळं होणं हा त्याच्यावर अन्याय आहे. प्रशिक्षक नसताना तो यूट्यूबवर यान झेलेझनी आणि आंद्रेआस थोरकिल्डसेन यांच्या फेकी पुन्हा पुन्हा पाहायचा आणि तसा सराव करायचा.